हरलेल्यांची जीप

आबांच्या जीपमध्ये बसायला मिळणं ही खानदेशात मिरवायची गोष्ट नव्हती. तिच्यात फक्त हरलेले बसायचे.

आबा म्हणजे अमळनेरातले सरकीच्या ढेपेचे, म्हणजे गुरांच्या पेंडेचे व्यापारी. दुकान मोठं, दूधवाल्यांची गर्दी सकाळपासून. पण ढेप विकणं हे त्यांच्या मते पोटापुरतं काम होतं. खरा धंदा दंगलींचा. धुळे आणि जळगाव या दोन्ही जिल्ह्यांत कुठल्याही गावची यात्रा असो, कुस्त्यांची दंगल भरवायची म्हटली की यात्रा कमिटीची माणसं आधी आबांच्या दुकानात येऊन ढेपेच्या पोत्यावर बसत. पैलवान बोलावणं, मैदान आखणं, पंच, हलगीवाले, मंडप, सगळं आबांकडे. आणि या सगळ्यात ज्यासाठी त्यांचं नाव होतं ते काम म्हणजे जोड लावणं. कोणाची कुस्ती कोणाशी, हे आबा ठरवायचे. त्यांनी लावलेली जोड एकतर्फी झाली असं कोणी म्हणू शकत नव्हतं, आणि म्हटलंच तर आबा त्याच्याशी महिनाभर बोलत नसत.

मी तेव्हा अमळनेरच्या एस.टी. स्टँडवर वाहतूक नियंत्रक होतो. भोंग्यावरून गाड्या पुकारायचं काम. एके दिवशी हे धोतर-टोपीतलं धूड चौकशीच्या खिडकीशी आलं. गाडीची चौकशी करील म्हणून मी वेळापत्रकाकडे वळलो, तर म्हणाले, "तुन्हा आवाज मोटारीसवर वाया जाई ऱ्हायना, भाऊ. माणसं पुकार." पुढच्याच रविवारी मी त्यांच्या दंगलीत माईकसमोर उभा. सवय कुठली जाते? पहिल्याच जोडीला मी म्हणून गेलो, "साक्रीकडून येणारे पैलवान मैदानात येऊन थांबलेले आहेत, प्रेक्षकांनी कृपया याची नोंद घ्यावी." लोक पोट धरून हसले. मला वाटलं, झालं, गेला आपला माईक. आबा मात्र खुश. "असंच बोल," म्हणाले, "लोक कान दी ऱ्हायनात."

तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्यासोबत असायचो.

जोड लावायची त्यांची रीत सांगण्यासारखी होती. दंगलीच्या दिवशी सकाळी आलेल्या सगळ्या पैलवानांना ते पंगतीला बसवत. वरण-बट्टी, वांग्याची भाजी, वर तूप. स्वतः जेवत नसत, पंगतीतून फिरत. कोण घाईनं खातो, कोण शेजारच्याच्या ताटात डोकावतो, कोण वाढप्याला "बस" म्हणतो आणि तरी हात आडवा धरत नाही. "शेजारना ताटमा देखस त्याले दुसराना डाव दिखस, आपला नही," असं त्यांचं शास्त्र. जेवणं झाली की प्रत्येकाचा पंजा हातात घेऊन दाबायचे. गाव विचारायचे. मग मिशीत पुटपुटत जोड्या सांगायचे आणि मी पुकारायचो. तराजू नाही, वजनकाटा नाही. कोणी वजनाचा विषय काढलाच तर म्हणायचे, "वजन ढेपनं करतस."

हा जोड लावायचा नाद मैदानापुरता राहिला असता तर बरं होतं. आबा नवराबायकोच्या जोड्यांवरही मत देत. माझं लग्न झाल्यावर जेवायला बोलावलं, माझ्या बायकोकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं पाहिलं आणि अक्कांना, म्हणजे त्यांच्या बायकोला, हाक मारून सांगितलं, "जोड बरी शे. पण पोर भारी पडी." ते भविष्य किती खरं ठरलं हे मी इथे सांगणार नाही, कारण हे बायको वाचणार आहे.

आता जीपचं. जिंकलेल्या पैलवानाला फेटा, नारळ, गळ्यात हार. त्याला लोक खांद्यावर घेऊन नाचवत नेतात. हरलेला मात्र कपडे कधी चढवतो आणि मैदानाच्या कडेनं कधी निघून जातो ते कोणाला कळतही नाही. आबांना ते बघवत नसे. दंगल संपली की ते हरलेल्यांना गोळा करत, जीपमध्ये कोंबत आणि एकेकाला त्याच्या घरी नेऊन सोडत. स्वतः चालवत. "जिकेलले गाव डोकावर लई जास. हारेलले कोन लई जास?" एवढंच त्यांचं त्यावरचं स्पष्टीकरण.

नुसतं दारात सोडून परत फिरणं नाही. आबा घरात जात, पाणी पीत, बापाला समोर बसवत आणि पोरगा कसा हरला ते सांगत. इथे त्यांचा एक कडक नियम होता. जसं घडलं तसंच सांगायचं. नशीब, उन्हाचा त्रास, पंचाची चूक, हे शब्द त्यांच्या तोंडी येत नसत. "नाना, तुम्हना पोऱ्यानी कंबर मोकळी सोडी. तो मांगे गया आनी त्यानी धरी." बस. गंमत अशी, की एवढं रोखठोक ऐकूनही घरातलं वातावरण हलकं व्हायचं. पोरानं स्वतः सांगायचं ते ओझं आबांनी उचललेलं असायचं. मग आई चुलीशी वळायची आणि आम्हाला जेवल्याशिवाय सुटका नसायची. कुठल्या गावचा ठेचा कसा, हे आबांना हरलेल्या पैलवानांमुळे पाठ होतं.

एकदा यावलकडचा एक पैलवान मोठी कुस्ती जिंकला. त्याची शेवटची बस चुकली. नारळांची पिशवी आणि फेटा सांभाळत तो जीपशी आला. आत पुष्कळ जागा होती. आबांनी मान हलवली. "तू जिकना ना? मंग?" पोरगा म्हणाला, "आबा, पण मी जाऊ कसा?" आबा म्हणाले, "पाय शेत ना." मी स्टँडवर फोन लावून त्याची एका ट्रकवर सोय केली, नाहीतर तो विजयी वीर सातपुड्यापर्यंत चालत गेला असता. पण जीपमध्ये काही बसू शकला नाही.

शेवटच्या दोनतीन वर्षांत आबांचे काही नवे चाळे सुरू झाले होते. मोबाइल हातभर लांब धरायचे आणि म्हणायचे, "कंपनीनी अक्षर बारीक करी टाकं." घरातले सगळे दिवे बदलले, जुन्यांत उजेड कमी आहे म्हणून. पंगतीत फिरताना आता ते अगदी ताटावर ओणवे होत. पैलवानांचा पंजा पूर्वी क्षणभर दाबायचे, आता बराच वेळ धरून ठेवायचे. मला वाटलं, म्हातारपणी माणूस मायाळू होतो. त्यांना मैदानात जेवढं कळतं तेवढं आपल्याला कळत नाही, हे तर मी केव्हाच मान्य केलेलं होतं.

त्या वर्षी धुळ्याजवळच्या एका गावी दंगल होती. साक्रीच्या पश्चिमेकडून, डोंगराकडच्या एका खेड्यातून दौलत नावाचा पैलवान आला होता. विशीतला, अंगानं सडपातळ. आबांनी त्याचा पंजा धरला, गाव विचारलं आणि चेहरा उजळला. "अरे, तू! मांगना वर्सी काय पटकाडं व्हतं तू त्याले!" दौलत काही तरी बोलायला गेला, पण आबा तोवर पुढच्या पैलवानाकडे वळले होते. मागच्या वर्षीच्या त्या दंगलीला मला रजा मिळाली नव्हती, त्यामुळे मी काही तो पैलवान पाहिलेला नव्हता.

आबांनी दौलतची जोड जळगावच्या एका तयार पैलवानाशी लावली. दोघं समोरासमोर आले तेव्हा लोकांत कुजबूज झाली. एकाच्या दंडात दुसऱ्याची मांडी मावेल असा फरक. पण जोड आबांची. पंच गप्प राहिले, मी पुकारलं, आणि सगळे वाट बघू लागले की हा पोरगा आता काय चमत्कार दाखवतो. दौलत हात मिळवून उभा राहिला आणि दुसऱ्या क्षणी मातीवर आपटला. उठला तेव्हा एक हात लोंबत होता. खांदा निखळला होता.

आबांनी दंगल तशीच पंचांवर सोडली. असं आधी कधीच झालं नव्हतं. धुळ्याला हाडांच्या डॉक्टरकडे खांदा बसवून घेतला, हात गळ्यात बांधून घेतला, आणि आम्ही तिघं साक्रीच्या रस्त्याला लागलो. आबा वाटभर धुसफुसत होते. "असा कसा पडना रे तू? मांगना वर्सी असा नही व्हता. काय खाई ऱ्हायना का नही?" मागे दौलत तोंड उघडायचा आणि मिटायचा. गतिरोधक आला की आबांना तो जीप उडाल्यावर कळायचा. समोर बैलगाडी होती. मी ओरडलो तेव्हा त्यांनी ब्रेक दाबला. पैलवानाच्या दुखण्यानं त्यांचं लक्ष नाही, असं मी स्वतःला समजावत होतो आणि दोन्ही हातांनी सीट धरून बसलो होतो.

वाटेत चहाला थांबलो. आबा हातपाय धुवायला गेले तेव्हा दौलत मला हळूच म्हणाला, "भाऊ, आबासले सांगा ना, बापले जरा सांभाळी सांगा. बापनी सांगेल शे, एक कुस्ती देखसू. जमनी त ठीक, नहीत मामासंगे सुरतले, कापडना लूमवर." मी विचारलं, तू स्वतःच का नाही सांगत? तो मान खाली घालून म्हणाला, "आबासले कसं सांगू?" मला वाटलं तो सुरतेबद्दलच बोलतोय.

मी आबांना सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "जसं जायं तसं सांगसू." त्यांचा नियमच तो.

पोचलो तेव्हा उजेड होता. जीपचा आवाज ऐकून घरातून एक दांडगा माणूस बाहेर आला, दारात मावेना असा. "राम राम, आबा. मी भगवान. वळखतस ना?" त्यानं हात पुढे केला. आबांनी तो हातात घेतला.

आणि सोडेनात. अंगठ्याखालचा घट्टा दाबून बघितला. मग दुसऱ्या हातानं चाचपत दौलतचा चांगला हात ओढला, तोही दाबला. दोघे भाऊ. दोघेही लहानपणापासून एकाच विहिरीचा दोर ओढणारे, एकाच डोंगरावरून लाकडं आणणारे. पंजा अगदी तोच. मागच्या वर्षी आबांनी धरलेला पंजा थोरल्याचा होता, आणि आज त्या भरवशावर त्यांनी धाकट्याला मैदानात उभं केलं होतं. दिवसाउजेडी, हातभर अंतरावरून, त्यांना माणूस दिसला नव्हता.

अंगणात खाटेवर दौलतचे वडील बसले होते. वाळलेले, ताठ, कान मातीत घासून सुजलेले, जुन्या कुस्तीगिराचे असतात तसे. आबा जाऊन त्यांच्याजवळ बसले. पाणी आलं, पण प्यायले नाहीत.

"आबा," वडील म्हणाले, "कशी जायी कुस्ती?"

मला आबांचा स्वभाव माहीत होता. पण समोर काय आहे तेही दिसत होतं. दम कमी पडला, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पोरगा सुरतेला गेला असता आणि आबांची जोड कधी चुकत नाही हे खानदेशात तसंच राहिलं असतं. खरं सांगितलं तर सोमवारच्या बाजारापर्यंत चारी दिशांना पसरणार. ज्याला पैलवान दिसत नाही त्याला दंगल कोण देईल? आबांचं सगळं आयुष्य त्या मैदानांवर गेलं होतं.

"नाना," आबा म्हणाले, "कुस्ती जायीच नही. माले दिखस नही. दोन वर्स जायात, कोनलेच सांगं नही. तुम्हना मोठा पोऱ्या समजीसन मी धाकलाले हत्तीपुढे उभा करं. याना काही दोष नही. याले माहीत व्हतं जोड चुकेल शे, तरी मन्हा मान राखासाठे उभा ऱ्हायना. खांदा मी मोडा, नाना."

दौलतची आई दारात पदर तोंडाशी धरून उभी होती. भगवान पुढे झाला. "आबा, आम्ही कोठेच सांगाव नही. घरमाच ऱ्हाई."

आबा एकदम तडकले. "काबरं नही? सांगा! बठ्ठाले सांगा. नहीत उद्या दुसराना पोऱ्यानी मान मोडसू मी."

दौलतच्या म्हाताऱ्या बापानं खाली ठेवलेला पाण्याचा पेला उचलून आबांच्या हातात नीट बसवला आणि म्हणाला, "आबा, डोया करी या. तवलग पोऱ्या थांबी. त्यानी जोड तुम्हीच लावा. सुरत काही कोठे पयी जात नही."

आबा पाणी प्यायले. मी त्यांना इतक्या वर्षांत रडताना पाहिलं नव्हतं, आणि तेव्हाही पाहिलं असं म्हणणार नाही, कारण मी मुद्दाम दुसरीकडे पाहत होतो. परत येताना जीप भगवाननं चालवली.

बातमी पसरायची ती पसरलीच. एका कमिटीनं निरोप न देताच दंगल दुसऱ्याकडे दिली. जळगावचा एक नवा संयोजक मोठे पडदे लावून कुस्त्या दाखवत असे. दोन मैदानं त्याच्याकडे गेली. लोक चेष्टा करू लागले, ढेप घेताना बघून घ्या, आबा म्हशीला खत देतील. आबांनी कोणालाही उत्तर दिलं नाही. धुळ्याला जाऊन मोतीबिंदू काढून घेतला. अक्का मला म्हणाल्या, "तीन वर्सपासून सांगी ऱ्हायनू मी. मन्हं ऐकं का? दिवा बदलत बसना."

काही आठवड्यांनी, स्टँडवर माझी ड्यूटी असताना, साक्रीकडच्या गाडीतून दौलत आणि त्याचे वडील उतरले. मीच त्यांना दुकानात घेऊन गेलो. आबा काळा चष्मा लावून पोत्यावर बसले होते आणि समोर एका गावच्या यात्रा कमिटीची माणसं. डोळे झाले, आता पुन्हा तुम्हीच दंगल घ्या, म्हणून आली होती. मला मनापासून बरं वाटलं.

आबांनी त्यांना थांबवलं. दौलतला दुकानाबाहेर उन्हात उभं केलं, डॉक्टरांनी बजावलेलं असूनही चष्मा काढला आणि त्याच्याभोवती फिरून त्याला कानापासून घोट्यापर्यंत पाहून घेतलं. किती तरी वेळ. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी बघत होते. मग वडिलांना म्हणाले, "मान कच्ची शे. खांदा भराले पाहिजे. याले आजून एक वरीस."

दौलतचा चेहरा उतरला. वडिलांनी मान डोलावली.

कमिटीचे अध्यक्ष मध्येच म्हणाले, "आबा, ते होईल हो. आमच्या दंगलीचं सांगा."

"यंदा नही," आबा म्हणाले.

"म्हणजे? डोळे तर चांगले झाले ना आता?"

"जायात. पण या पोऱ्याले मी थांबाडेल शे. तो थांबी तवलग मीबी थांबसू. कोनतंच मैदान नही."

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं, मी काही समजूत घालीन म्हणून. मी घातली नाही. निम्मा खानदेश ज्याच्याकडे उगाच जाऊन बसत नव्हता, तो माणूस मला त्या दिवशी नीट कळला, आणि त्याच्यासोबत आपली काही वर्षं गेली याचा फार अभिमान वाटला. कमिटी चहा न घेताच उठून गेली.

निघताना दौलत पाया पडायला वाकू लागला. आबांनी त्याला धरून सरळ केलं. "ऱ्हाऊ दे. खांदा सांभाळ." आणि खाली बघत थबकले. दौलतच्या पायात भावाचे जुने कॅनव्हासचे बूट होते. एका बुटाची नाडी सुटून मातीत लोळत होती. हात गळ्यात बांधलेला, एका हातानं त्याला ती बांधता येत नसणार. घरापासून तो तसाच आला होता. त्याच्या वडिलांना ते दिसलं नव्हतं, स्टँडपासून सोबत चालत आलो तरी मलाही नाही.

आबा खाली बसले. आतून अक्का ओरडल्या, "अहो, डॉक्टरनी वाकू नका सांगेल शे!" आबांनी ऐकलंच नाही. दोन्ही जिल्ह्यांतले पैलवान ज्यांच्या पाया पडत, ते सत्तरीतले आबा भर रस्त्यात त्या पोराच्या पायाशी बसले आणि सावकाश, गाठ नीट बघून, त्यांनी त्याच्या बुटाची नाडी बांधली.